२०१९ चं रिॲक्ट ॲप, नवा लॅपटॉप आणि एनपीएम इन्स्टॉल काही होईना

भाऊ, तुमचा प्रश्न थोडक्यात असा की मोंढ्यातल्या अडत दुकानांसाठी २०१९ ला कुणीतरी रिॲक्टमध्ये (स्क्रीन बनवायच्या जावास्क्रिप्ट लायब्ररीत) बनवून दिलेलं ॲप आता तुमच्या गळ्यात पडलंय, बनवणारा पुण्याला निघून गेला, नव्या लॅपटॉपवर एनपीएम इन्स्टॉल (ॲपला लागणारी पॅकेज, म्हणजे दुसऱ्यांनी लिहिलेला तयार कोड, आणायची कमांड) मारलं की नोड-सास या सीएसएस तयार करणाऱ्या पॅकेजपाशी लाल अक्षरांचा पूर येतो, एनपीएमचं ऑडिट शंभराच्या वर व्हल्नरेबिलिटीज (सुरक्षेतल्या फटी) दाखवतं, आणि मालक मनायलेत की एकदाचं सगळं अपडेट करून टाका नाहीतर नव्यानं लिहा. यातलं काय करू?

दोन्ही करू नका. नव्यानं लिहायला घेतलं तर पट्टीतला (शेतकऱ्याला मालाच्या हिशोबाचा कागद देतो त्यातला) कडता, हमाली, तोलाई, उचल वजा करायची पद्धत, हे सगळं त्या जुन्या कोडमध्ये कुठंतरी इफ-एल्समध्ये पुरलेलं आहे आणि ते तुम्हाला मुनीमजींचा फोन आल्यावरच कळणार. आणि सगळं एकदाच अपडेट केलं तर काय मोडलं ते कळेल पण कशानं मोडलं ते कळणार नाही. मी लातूरला असताना जवळपास अशाच ॲपवर हात काळे केलेत, आता संभाजीनगरला आहे पण काम तेच. माझं एकच सांगणं आहे, अपडेट करायच्या आधी काढायला घ्या. पॅकेज डॉट जेसनमध्ये (ॲपच्या पॅकेजांची यादी) साठ नावं असतील तर त्यातली वीसेक तरी कुणीच वापरत नसतं. जे पॅकेज काढलं ते अपडेट करायची, त्याचा चेंजलॉग (बदलांची नोंद) वाचायची, त्याच्या व्हल्नरेबिलिटीची झंझटच संपली. लोक उलटं करतात, आधी साठही पॅकेज नव्या व्हर्जनला नेतात, आठवडाभर भांडतात, आणि मग कळतं की ज्याच्यासाठी दोन दिवस घातले ते कॅरोसेल २०२० लाच स्क्रीनवरून काढलेलं होतं.

पण काढायच्याही आधी ते ॲप एकदा जसंच्या तसं चालवून दाखवा, जुन्याच नोडवर (जावास्क्रिप्ट ब्राउझरबाहेर चालवणारं सॉफ्टवेअर). हे लोकांना पटत नाही, मनतात जुनं कशाला परत बसवायचं. कारण असं की जे चालतच नाही त्यात तुम्ही काही बदललं तर सुधारलं का बिघडलं हे कशावरून ठरवणार? तर एनव्हीएम (नोडची व्हर्जन बदलायचं टूल) टाका, विंडोज असेल तर एनव्हीएम-विंडोज, आणि नोड-सासचं व्हर्जन बघा. नोड-सास हे पॅकेज नोडच्या व्हर्जनला बांधलेलं असतं, ४.१४ असेल तर नोड १४ च्या पुढं जात नाही. तुमच्या नोडसाठी तयार बायनरी (आधीच कंपाइल केलेली फाइल) मिळाली नाही की ते तिथंच सी प्लस प्लस कंपाइल करायला बसतं, आणि जुनं नोड-जिप (हे कंपाइलचं काम करणारं टूल) त्याच्यासाठी पायथन २ मागतं, तो तुमच्या नव्या लॅपटॉपवर कुठून असणार. तो लाल पूर एवढ्यासाठीच आहे, तुमचं काही चुकलेलं नाही. तुमच्या नोड-सासला चालेल तो नोड लावा, ४.१४ असेल तर १४, आणि इन्स्टॉल नाही, एनपीएम सीआय मारा. इन्स्टॉल लॉक फाइलमध्ये (प्रत्येक पॅकेजचं नेमकं व्हर्जन लिहिलेली फाइल) खुशाल ढवळाढवळ करतं, सीआय लॉक फाइलमध्ये जे लिहिलंय तेच आणतं आणि जुळलं नाही तर सरळ थांबतं. लॉक फाइल गिटमध्येच (कोडमधले बदल जपून ठेवायचं टूल) नसेल (असं लै ठिकाणी असतं, कुणीतरी गिटइग्नोअरमध्ये, म्हणजे गिटनं सोडून द्यायच्या यादीत, टाकून ठेवतं) तर चालू सर्व्हरवरची नोड-मॉड्यूल्स डिरेक्टरी (आणलेली पॅकेज तिथंच असतात) झिप करून आणा, कुठलं व्हर्जन खरंच चालायलंय याचा तेवढाच पुरावा उरलेला असतो.

चाललं? आता मुनीमजींकडं जाऊन बसा. खरंच जाऊन बसा, एक चहा होईपर्यंत. दिवसभरात काय काय करतात ते वहीत लिहा: आवक टाकणं, सौद्याचा भाव टाकणं, पट्टी छापणं, शेतकऱ्याच्या नावानं जुनी पट्टी शोधणं, महिन्याचा हिशोब एक्सेलला काढणं. पाच-सात गोष्टी निघतात, पन्नास नाही. त्यातल्या तीन-चारच्या प्लेराइटमध्ये (ब्राउझर आपोआप चालवून तपासणारं टूल) टेस्ट लिहा, बाकीच्या हातानं तपासा. युनिट टेस्ट लिहायच्या भानगडीत आत्ता पडू नका, तुम्हाला फंक्शन तपासायचं नाहीये, पट्टी बरोबर छापतेय का ते बघायचंय.

आता काढणं. निप नावाचं टूल आहे, आधी लोक डेपचेक वापरायचे, आता निपच वापरा. ते न वापरलेल्या पॅकेजची, न वापरलेल्या फायलींची सुद्धा यादी देतं. पण त्या यादीवर डोळे झाकून विश्वास ठेवून एका झटक्यात सगळं उडवू नका. काही पॅकेज कोडमध्ये इम्पोर्ट होत नाहीत तरी लागतात, बेबलचे (नवं जावास्क्रिप्ट जुन्या ब्राउझरला चालेल असं करून देणारं टूल) प्लगिन, पोस्ट-सीएसएसचे (सीएसएसवर तसंच काम करणारं टूल) प्लगिन, पॅकेज डॉट जेसनच्या स्क्रिप्टमध्ये नुसतं नावानं हाक मारलेली टूल्स, टाइप्सची पॅकेजेस. म्हणून एकेक नाव घ्या, पूर्ण प्रोजेक्टमध्ये सर्च मारा, मग अनइन्स्टॉल, बिल्ड (कोड सर्व्हरवर टाकण्याजोगा बांधणं), टेस्ट, कमिट (बदल गिटमध्ये नोंदवणं). एक पॅकेज एक कमिट. कंटाळवाणं आहे पण तिसऱ्या दिवशी काही मोडलं की गिट बायसेक्ट (कुठल्या कमिटनं मोडलं ते शोधणारी कमांड) पाच मिनिटांत नाव सांगतं.

इथं एक गंमत हमखास होते. तुम्ही एक फालतू पॅकेज काढता आणि भलत्याच फायलीत लोडॅश (तयार छोट्या फंक्शनांचं पॅकेज) सापडत नाही म्हणून एरर येते. बघावं तर लोडॅश पॅकेज डॉट जेसनमध्ये कधी नव्हतंच! ते त्या फालतू पॅकेजच्या पाठीवर बसून आलेलं होतं, एनपीएम सगळं नोड-मॉड्यूल्समध्ये वरच्या पातळीला सपाट पसरून ठेवतं म्हणून आधीच्या डेव्हलपरनं इम्पोर्ट केलं आणि चाललं. म्हणजे लग्नात वऱ्हाडाबरोबर आलेल्या पाहुण्याकडून आपण घरातली कामं करून घ्यायलोत आणि वऱ्हाड निघालं की तोही निघाला. असं झालं की एनपीएम एलएस आणि पॅकेजचं नाव मारा, कोण कुणामुळं आलंय ती पूर्ण वंशावळ दाखवतं. खरंच लागत असेल तर ते रीतसर डिपेंडन्सीत लिहा, नाहीतर ते एक फंक्शन स्वतः लिहा. पीएनपीएममध्ये (एनपीएमसारखाच दुसरा पॅकेज मॅनेजर) हा लाड मुळातच चालत नाही, जे लिहिलं नाही ते सहसा सापडत नाही. पण पॅकेज मॅनेजर बदलणं हे वेगळं काम आहे, ते याच्यात मिसळू नका.

स्वतः लिहायचं का पॅकेज घ्यायचं यावर माझं मत जरा कडक झालंय. २०१६ च्या मार्चमध्ये लेफ्ट-पॅड नावाचं अकरा ओळींचं पॅकेज त्याच्या लेखकानं एनपीएमवरून काढून घेतलं आणि बेबलसकट जगभरातले बिल्ड पडले. शब्दाच्या डावीकडं स्पेस भरायचं पॅकेज होतं ते, बाकी काही नाही. तुमच्याकडं पण बघा, आकडा आहे का तपासायला पॅकेज, रिकामं ऑब्जेक्ट आहे का बघायला पॅकेज, असं निघंलच. ते सगळं एका युटिल्स फायलीत मावतं.

मग राहतात ती पॅकेज जी वापरात आहेत पण ज्यांना पुढं वाटच नाही. अशा जुन्या ॲपमध्ये बहुतेक तीन निघतात. रिक्वेस्ट (दुसऱ्या सर्व्हरकडून डेटा मागवणारं पॅकेज) हे २०२० च्या फेब्रुवारीतच डेप्रिकेट झालंय, म्हणजे आता वापरू नका असं जाहीर झालंय, ते असंल तर तुमच्या छोट्या नोड सर्व्हरमध्ये असंल, नोड १८ पासून फेच आतच आहे, पुढं नोड वर नेला की तेच वापरा. नोड-सासच्या जागी नुसतं सास, म्हणजे डार्ट सास. तिथं स्लॅश देऊन केलेल्या भागाकारावर वॉर्निंगचा पाऊस पडंल, मॅथ डॉट डिव्ह लिहा, सासच्या मायग्रेटर टूलनं बऱ्यापैकी आपोआप होतं. इम्पोर्टवर पण वॉर्निंग येईल, ती सध्या राहू द्या, त्यानं आज काही अडत नाही.

तिसरं मोमेंट, तारखांचं पॅकेज, आणि याच्यावर जरा थांबतो कारण माझं नाक इथं कापलं गेलंय.

मोमेंटच्या टीमनं स्वतःच २०२० मध्ये सांगून टाकलं की नवीन प्रोजेक्टला हे घेऊ नका, आम्ही आता फक्त देखभाल करणार. त्याच्या जागी डे-जेएस घ्या मनून सगळे सांगतात, फंक्शनांची नावं पण जवळपास तीच, साइज अगदी छोटी, तर मी एका संध्याकाळी शोधा-बदला करून टाकलं. स्क्रीन सगळ्या बघितल्या, मस्त. दुसऱ्या दिवशी सकाळी सव्वानऊला दुकानातून फोन, तारखा इंग्रजी छापायल्यात. छापू द्या की, मनलं, दुपारी करतो. दहा मिनिटांनी परत फोन, जुन्या पट्ट्यांवर तारखेच्या जागी इनव्हॅलिड डेट असं येतंय. आता हे आपल्यासारख्या मराठी ॲपवाल्यांना भोवतं बघा. मोमेंटचं मराठी लोकेल (भाषेची सेटिंग) नुसती महिन्यांची नावं देत नाही, आकडे सुद्धा देवनागरी करून देतं, आणि परत वाचताना देवनागरी आकडे गुपचूप इंग्रजी करून घेतं. डे-जेएसच्या मराठी लोकेलमध्ये महिने-वार आहेत पण आकड्यांची ही अदलाबदल नाही. आणि आमच्या आधीच्या शहाण्यानं डेटाबेसमध्ये तारीख नाही तर फॉरमॅट करून झालेली स्ट्रिंगच सेव्ह केलेली, १५/१०/२०१९ अशी, देवनागरीत. मोमेंटला ती कळायची, डे-जेएसला ती नुसती चित्रं. दोष डे-जेएसचा नाही, दोष त्या स्ट्रिंगचा होता, मोमेंट इतकी वर्षं तो झाकून घेत होतं.

तर तुम्ही मोमेंट काढायच्या आधी डेटाबेस उघडून बघा की तारखा कशा ठेवल्यात. स्ट्रिंग असतील तर आधी एक मायग्रेशन स्क्रिप्ट लिहून त्या आयएसओ (वर्ष-महिना-दिवस) स्वरूपात न्या, बॅकअप घेऊन, आणि ती स्क्रिप्ट चालेपर्यंत मोमेंट राहू द्या कारण त्या वाचायला तेच लागणार. दाखवायचं काम ब्राउझरच्या इंटलवर (भाषेप्रमाणं तारखा-आकडे मांडायची आतलीच सोय) सोपवा. इंटल डेटटाइम-फॉरमॅटला एमआर-आयएन लोकेल दिलं की देवनागरी आकडे येतात, नंबर-फॉरमॅटला दिलं की १,२३,४५६ असा आपल्या पद्धतीचा स्वल्पविराम पण येतो. इंग्रजी आकडे पाहिजेत तर लोकेलच्या पुढं लॅटिन अंकांचं एक्स्टेन्शन जोडता येतं. तारखेतून दिवस वजा करणं, महिना संपायची तारीख काढणं असलं काही असेल तर डे-जेएस घ्या, नाहीतर तेही नको.

आता कुठं अपडेटचा नंबर. पहिलं नोड. नोडच्या सम आकड्याच्या व्हर्जनलाच लांबचा सपोर्ट मिळत आलाय, १४ चा २०२३ ला संपला, १६ चा पण २०२३ लाच, १८ चा एप्रिल २०२५ ला. तुम्ही २२ किंवा २४ वर जा. नोड १७ किंवा त्याच्या पुढं जाताच जुन्या वेबपॅकवर (सगळा कोड एकत्र बांधणारं बिल्ड टूल) डिजिटल एन्व्हलप रूटीन्स अनसपोर्टेड अशी एरर येईल, सर्च मारलं की पहिलंच उत्तर मिळंल की नोड ऑप्शन्समध्ये ओपन-एसएसएल-लीगसी-प्रोव्हायडर टाका. घडीभर टाका, पण ते तसंच ठेवू नका. खरी गोष्ट अशी की वेबपॅक ४ फायलींचा हॅश (फाइलची ओळखखूण) काढायला एमडी४ ही पद्धत वापरतं, आणि नोड १७ बरोबर आलेल्या ओपन-एसएसएल ३ (एन्क्रिप्शनची लायब्ररी) नं ते जुनाट मनून बाजूला काढलंय. म्हणजे आजार वेबपॅक ४ चा आहे आणि ते क्रिएट-रिॲक्ट-ॲपच्या (रिॲक्ट प्रोजेक्ट उभा करून द्यायचं जुनं टूल) पोटात आहे. क्रिएट-रिॲक्ट-ॲप २०२५ च्या फेब्रुवारीत अधिकृतपणे डेप्रिकेट झालं, त्यामुळं त्याचं पुढचं व्हर्जन शोधत बसण्यात अर्थ नाही, सरळ व्हीटवर (तेच काम करणारं नवं टूल) जा.

आणि कृपा करून ऑडिट फिक्स फोर्स मारू नका. जुन्या क्रिएट-रिॲक्ट-ॲपवर ते मारलं की ते तुम्हाला रिॲक्ट-स्क्रिप्ट्सचं (त्यातलं बिल्ड करणारं पॅकेज) ०.०.० व्हर्जन बसवायला निघतं, कारण त्याच्या हिशोबानं त्यात व्हल्नरेबिलिटी नाही. बरोबरच आहे, त्यात काहीच नाही. त्या शंभरातल्या बहुतेक बिल्ड टूलच्या पोटातल्या असतात, ऑडिटला ओमिट-डेव्ह (फक्त डेव्हलपरला लागणारी पॅकेज वगळा) लावून बघितलं की किती ग्राहकापर्यंत खरंच पोचतात त्याचा अंदाज येतो, फक्त क्रिएट-रिॲक्ट-ॲपमध्ये रिॲक्ट-स्क्रिप्ट्स हे डिपेंडन्सीतच टाकलेलं असतं, ते आधी डेव्ह-डिपेंडन्सीत हलवा नाहीतर आकडा तेवढाच दिसंल.

व्हीटवर जाणं वाटतं तेवढं अवघड नाही, दीड-दोन दिवसाचं काम. इंडेक्स डॉट एचटीएमएल पब्लिकमधून उचलून मुळाशी आणायचं, त्यात मॉड्यूल स्क्रिप्टची ओळ टाकायची, पब्लिक-यूआरएलवाले टक्क्याचे तुकडे काढायचे. ज्या फायलीत जेएसएक्स (जावास्क्रिप्टमध्ये लिहिलेलं एचटीएमएलसारखं) आहे तिचं एक्स्टेन्शन जेएसएक्सच करा, व्हीट नुसत्या जेएस फायलीत ते आपोआप ओळखत नाही. एन्व्हायर्नमेंटची नावं रिॲक्ट-ॲपनं सुरू व्हायची ती आता व्हीटनं सुरू होतील, आणि प्रोसेस डॉट ईएनव्हीच्या जागी इम्पोर्ट डॉट मेटा डॉट ईएनव्ही. इथं एक जरी राहिलं तरी एपीआयचा पत्ता अनडिफाइन्ड होतो, मनून सगळीकडं सर्च मारून बदला.

आणि बिल्ड आधी बिल्ड फोल्डरमध्ये पडायचा, व्हीटमध्ये डिस्टमध्ये पडतो. आमचं काय झालं सांगतो. अपडेट करून सर्व्हरवर टाकलं, मालकाला फोन केला, बघा मनलं. त्यांनी बघितलं, मनले एकदम भारी, काहीच बिघडलं नाही. चार दिवस मी कॉलर ताठ करून फिरलो. पाचव्या दिवशी कळलं की एनजिनएक्स (सर्व्हरवरून पान पाठवणारं सॉफ्टवेअर) अजून जुन्या बिल्ड फोल्डरकडंच बघतंय आणि दुकानात सगळे जुनंच ॲप वापरायलेत. तर एक तर व्हीटच्या कॉन्फिगमध्ये आउट-डिर बिल्डच ठेवा, नाहीतर एनजिनएक्स बदला, आणि काही करा पण फूटरमध्ये बारीक अक्षरात बिल्डची तारीख छापा.

रिॲक्ट १६ वरून १८ हे त्यानंतर, वेगळ्या आठवड्यात. रेंडरच्या जागी क्रिएट-रूट येतं, तेवढं केलं की बहुतेक चालतं. स्ट्रिक्ट मोड असेल तर डेव्हलपमेंटमध्ये इफेक्ट (स्क्रीन आल्यावर चालणारा कोड) दोनदा चालतात, घाबरू नका, पण त्या इफेक्टमध्ये आवक सेव्ह करणारी कॉल असेल तर ते आधीपासूनच चुकीचं होतं. एन्झाइमच्या (रिॲक्ट तपासायचं जुनं पॅकेज) टेस्ट असतील तर सोडून द्या, त्याला रिॲक्ट १८ चा अधिकृत अडॅप्टरच नाही, टेस्टिंग लायब्ररीत नव्यानं लिहा. रिॲक्ट राउटर (एका पानावरून दुसऱ्यावर नेणारं पॅकेज) ५ वरून ६ ला जाताना स्विच, हिस्ट्री सगळंच बदलतं, ते एकदम शेवटी, किंवा यंदा नकोच. ५ वर चालायलंय तर चालू द्या. पीअर डिपेंडन्सीवर (एका पॅकेजला दुसऱ्याचं ठराविक व्हर्जन लागतं ती अट) इ-रिझॉल्व्हची एरर आली की लीगसी-पीअर-डेप्स लावायची सवय लावून घेऊ नका, एनपीएम ७ पासून ते तुम्हाला खरं सांगायलंय की अमक्या पॅकेजला हे रिॲक्ट चालत नाही. बघा ते पॅकेज लागतंय का. बऱ्याचदा नाहीच लागत.

एकदा हे झालं की परत साठू देऊ नका, पण रोज सकाळी नवं व्हर्जन आलं की घ्यायचं असंही नाही. २०२५ च्या ८ सप्टेंबरला चॉक, डीबग असल्या अठरा पॅकेजच्या व्हर्जनांत कुणीतरी क्रिप्टो चोरायचा कोड घुसवला, ते पॅकेज सांभाळणाऱ्या माणसाला खोटा ईमेल पाठवून लॉगिन काढून घेतलं होतं. काही तासांत ते काढलं गेलं. म्हणजे ज्यानं त्या दिवशी अपडेट केलं त्याला धोका, ज्यानं आठवडाभरानं केलं त्याला कळलं पण नाही. रिनोव्हेटमध्ये (पॅकेजचे अपडेट आपोआप सुचवणारं टूल) व्हर्जन इतके दिवस जुनं झाल्याशिवाय घेऊ नको असं सांगता येतं, मी सात दिवस ठेवतो. महिन्यातून एकदा, छोट्या अपडेटांचा एकच गठ्ठा, मोठं व्हर्जन वेगळं. सर्व्हरवर कायम एनपीएम सीआय, आणि एनव्हीएमआरसी फाइल गिटमध्ये टाका म्हणजे तुमच्यानंतर येणाऱ्याला नोडचं व्हर्जन हुडकत बसायला नको.

मालकाला वेळ सांगताना चार आठवडे सांगा, रोज दोन-तीन तास धरून. आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरात काही म्हंजे काही सर्व्हरवर टाकू नका, सोयाबीनची आवक चालू असताना पट्टी पाच मिनिटं अडली तरी काट्यापाशी ट्रॅक्टरची रांग लागते आणि शिव्या मुनीमजी खातात. मी मोठा बदल येळवसेच्या (वेळ अमावास्येच्या) दिवशी टाकला होता. सगळं लातूर शेतात भज्जी-आंबील खायला गेलेलं, मोंढ्यात कुत्रं सुद्धा नाही, दिवसभर निवांत तपासलं, संध्याकाळी मुनीमजी शेतातून आले ते डबा घेऊनच. तुमच्याकडं तेवढं थांबायला जमत नसेल तर रविवारी टाका, आणि जुना बिल्ड फोल्डर नाव बदलून सर्व्हरवर महिनाभर तरी तसाच राहू द्या, नाव परत फिरवायला अर्धा मिनिट लागतो.